चर्चमधल्या स्त्री-संघटना: फुलं आणि चहाच्या पलीकडे काय?

शंकेखोर

जवळपास प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) स्त्रियांची एखादी तरी संघटना असते. कुठे लिजन ऑफ मेरी, कुठे कॅथलिक विमेन्स लीग, कुठे सोडॅलिटी, कुठे नुसतंच महिला मंडळ. बाहेरच्याला दिसतं ते एवढंच: सणाआधी वेदी सजवणं आणि मिस्सा या उपासनेनंतरचा चहा. समाजात या संघटनांचं खरं काम कोणतं, ते चालतं कशाच्या जोरावर आणि बंद पडतं तेव्हा नेमकं कुठे अडतं? आठवणी आणि कौतुक नको. कार्यपद्धती सांगा.

पाळीपत्रक

मग १६१७ पासून सुरुवात करू. फ्रान्समधल्या शातियों गावी व्हिन्सेंट डी पॉल या धर्मगुरूंनी प्रवचनात एका घराचा उल्लेख केला. घरातले सगळेच आजारी होते. त्या दुपारी गावातल्या बायकांची तिकडे रांग लागली आणि एका दिवसात नको इतकं अन्न जमलं. आजचं जादाचं नासणार आणि पुढच्या आठवड्यात त्याच घरात चूल थंड असणार, हे त्यांनी ओळखलं. दयेला तोटा नव्हता, आळीपाळीचा क्रम नव्हता. त्याच वर्षी त्यांनी गावातल्या स्त्रियांची संघटना बांधली आणि तिला लेखी नियम दिले. प्रापंचिक स्त्रियांच्या संघटित सेवाकार्याची ही जुनी आणि आजही चालू असलेली परंपरा.

ते नियम वाचताना नवल वाटतं ते त्यातल्या बारकाव्याचं. ज्या बाईची पाळी तिनं जेवण रांधायचं आणि स्वतः घेऊन जायचं. रुग्णाशी हसतमुखानं बोलायचं, खाटेवर फळी मांडायची, तिच्यावर रुमाल, पेला, चमचा ठेवायचा, रुग्णाचे हात धुवायचे, मग प्रार्थना आणि मग वाढायचं. ज्याच्याजवळ कुणीतरी माणूस आहे त्याच्याकडे आधी जायचं आणि जो एकटा आहे त्याच्याकडे सगळ्यात शेवटी, म्हणजे त्याच्यापाशी जास्त वेळ बसता येतं. चारशे वर्षं झाली, पण भेटींचा क्रम लावण्याचा याहून चांगला नियम अजून कुणाला सुचलेला नाही.

हे बिघडलं कुठे तेही बघा. संघटना पॅरिसला पोचली, तिथे मोठ्या घरच्या स्त्रिया सभासद झाल्या आणि पाळीच्या दिवशी त्या मोलकरणीला पाठवू लागल्या. पैसा येत राहिला, माणूस येईना. १६३३ मध्ये लुईझ द मारियाक यांच्यासोबत डॉटर्स ऑफ चॅरिटी हा सेवाव्रती सिस्टरांचा संघ उभा राहिला त्याचं एक कारण हेच. आजही संघटना पहिल्यांदा इथेच गळते: वर्गणी वेळेवर येते, पाळीला बदली माणूस जातं.

दुसरी_घंटा

इतिहास आलाच आहे तर गोंधळ टाळण्यासाठी एक गोष्ट. प्रापंचिक म्हणजे व्रत न घेतलेल्या, आपल्या घरी राहणाऱ्या स्त्रिया. सिस्टरांचे संघ वेगळे. इथे चर्चा पहिल्या गटाची आहे.

जपमाळ_५९

लिजनबद्दल लिहिते, कारण कार्यपद्धती म्हणाल तर इतकी घट्ट बांधलेली दुसरीकडे क्वचितच मिळेल. ७ सप्टेंबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये पहिली सभा झाली. संस्थापक फ्रँक डफ पुरुष असले तरी सुरुवातीच्या सभासद स्त्रिया होत्या आणि पहिली अध्यक्षाही स्त्रीच. पुढे पुरुषही आले, त्यामुळे आज ती निव्वळ स्त्रियांची संघटना नाही, पण कित्येक ठिकाणी चालवतात बायकाच.

तळाच्या गटाला प्रेसिडियम म्हणतात. सभा दर आठवड्याला, दीड तासाच्या आत संपलीच पाहिजे. क्रम ठरलेला: जपमाळ, आध्यात्मिक वाचन, इतिवृत्त, खजिनदाराचा हिशेब, कामाचे अहवाल, मध्ये कतेना ही प्रार्थना आणि आध्यात्मिक मार्गदर्शकाचं छोटं बोलणं, शेवटी प्रार्थना. पैशासाठी झाकलेली पिशवी फिरते. कोणी किती टाकले ते कुणालाच कळत नाही, म्हणजे रिकामा हात घालणाऱ्या बाईलाही मान खाली घालावी लागत नाही.

सक्रिय सभासदाला आठवड्याला साधारण दोन तासांचं नेमून दिलेलं काम असतं आणि ते जोडीनं करायचं. तीन महिने उमेदवारी, मग वचन. पदाधिकारी तीन वर्षांसाठी, त्याच पदावर आणखी एकदाच तीन वर्षं.

आता सगळ्यात जास्त वाद होतो तो नियम. लिजनच्या नावानं भेटीला गेलेल्या सभासदानं वस्तू किंवा पैसे द्यायचे नाहीत. नव्या बायकांना हे निष्ठुर वाटतं. पण एकदा पिशवी घेऊन गेलात की पुढच्या वेळी दार पिशवीसाठी उघडतं, आणि ज्या घराला गरज नाही ते घर तुम्हाला बघून ओशाळतं. शेजारीपाजारीही हिशेब मांडू लागतात, तिला दिलं, मला नाही. मदतीची गरज दिसली तर ती मदत करणाऱ्या दुसऱ्या संघटनेला कळवायचं.

शंकेखोर

म्हणजे समोर भूक दिसते आणि तुम्ही प्रार्थना म्हणून परत येता?

जपमाळ_५९

नाही. परत येऊन त्याच दिवशी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीला किंवा धर्मग्रामाच्या मदत समितीला कळवायचं, आणि पुढच्या सभेत "कळवलं, अमुक दिवशी मदत पोचली" हा अहवाल द्यायचा. "कळवलं" एवढंच सांगून अहवाल संपवला तर अध्यक्षेनं विचारलं पाहिजे, "पोचलं का?" हा दुसरा प्रश्न ज्या सभेत विचारला जात नाही तिथे मात्र तुमचा टोमणा लागू पडतो.

पाळीपत्रक

जपमाळताई, हा नियम लिजनपुरता ठीक. मंडळाचं कामच मदत पोचवणं असेल तर चालणार नाही. पण मग दोन कामं दोन जोड्यांकडे द्या. वस्तू नेणारी जोडी वेगळी, बसून बोलणारी वेगळी. एकाच बाईकडे दोन्ही आली की बोलणं आटपतं घेतलं जातं.

पाळीपत्रकाचं गणित असं. आठ बायका असतील तर चार जोड्या होतील असं वाटतं. तीनच धरा. उरलेल्या दोघी राखीव, कारण महिन्यात कुणाचं तरी घरचं दुखणं निघतंच. बारा घरं, प्रत्येक घरी महिन्यातून दोनदा, म्हणजे चोवीस भेटी. तीन जोड्यांत वाटल्या की प्रत्येकीच्या वाट्याला आठ, आठवड्याला दोन. याहून जास्त घरं घेतलीत तर तिसऱ्या महिन्यात भेटी फोनवर उरकू लागतात. घरं वाढवायची असतील तर आधी बायका वाढवा.

भेट वीस ते तीस मिनिटं. आजारी माणूस थकला हे तो सांगत नाही, उत्तरं एका शब्दावर येतात तेव्हा उठायचं. आदल्या दिवशी विचारून जायचं. दार उघडलं नाही तर चिठ्ठी सरकवायची नाही. शेजाऱ्याला चौकशी करताना कारण सांगायचं नाही. निघताना पुढची तारीख सांगायची आणि ती पाळायची. एकट्या माणसाला न येणाऱ्यापेक्षा "येते" म्हणून न आलेलं जास्त लागतं.

कापडकपाट

या चर्चेच्या नावातच फुलांना बाजूला सारलंय, म्हणून थोडं बोलते. वेदीची सेवा ही कारागिरी आहे. ती येत नसली की मिस्सेच्या मध्यावर कळतं.

पवित्र कापडांत दोन मुख्य. कॉर्पोरल हे चौकोनी कापड वेदीवर पसरतात, त्यावर थाळी आणि प्याला असतो. प्युरिफिकेटर हे प्याला पुसायचं लांबट कापड. कॉर्पोरलला खळ द्यायची, इस्त्री करून दोन्ही बाजूंनी तीन-तीन घड्या घालायच्या, म्हणजे नऊ चौकोन होतात. घड्या आतल्या बाजूला, कारण पवित्र भाकरीचा कण पडला असेल तर तो आतच राहावा. प्युरिफिकेटरला खळ अजिबात नाही. खळ दिली की कापड ओलावा शोषत नाही, प्याल्यावरून नुसतं घसरतं. मऊपणासाठी यंत्रात घालतात ते कंडिशनरही नको, कारण तेच.

धुताना पहिलं पाणी हातानं, वेगळ्या भांड्यात. ते गटारात जात नाही. सॅक्रिस्टीत (मिस्सेच्या तयारीच्या खोलीत) थेट जमिनीत जाणारं कुंड असेल तर त्यात, नाहीतर जिथे कुणाचा पाय पडत नाही अशा मातीत. त्यानंतर नेहमीसारखं धुवायला हरकत नाही. द्राक्षारसाचा डाग लगेच थंड पाण्यात. डाग पुरता गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री लावू नये, उष्णतेनं तो पक्का बसतो. मेण आधी घट्ट होऊ द्यायचं, बोथट कडेनं खरवडायचं, मग वरखाली शोषक कागद ठेवून कोमट इस्त्री.

किती कापडं लागतात तेही मोजून ठेवा. सोमवार ते शनिवार रोज एक मिस्सा आणि एक प्याला, म्हणजे सहा. रविवारी तीन मिस्सा आणि प्रत्येकी चार प्याले, म्हणजे बारा. आठवड्याला अठरा प्युरिफिकेटर. अठरा वापरात असताना अठरा धुण्यात, म्हणजे छत्तीस. चाळीस असले तर सणासुदीला धावपळ होत नाही. बहुतेक कपाटांत वीस असतात आणि मग दोष बायकांच्या धुण्यावर येतो.

शंकेखोर

कापडकपाटताई, चूक मान्य. पण मुद्दा राहतोच. कामं बायकांची, निर्णय कुणाचे?

नियमावली

उत्तर चर्चच्या कायद्यात आहे, आणि बहुतेक मंडळं तिथपर्यंत पोचतच नाहीत.

१९८३ च्या धर्मसंहितेत, म्हणजे कॅथलिक धर्मसभेच्या कायद्याच्या ग्रंथात, कलम २९८ ते ३२९ श्रद्धावंतांच्या संघटनांबद्दल आहेत. कलम २१५ सांगतं की संघटना स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क श्रद्धावंतांना आहे. स्त्री-पुरुष भेद नाही. संघटना दोन प्रकारच्या. सार्वजनिक संघटना धर्मसभेचा सक्षम अधिकारी स्थापन करतो आणि ती धर्मसभेच्या नावानं काम करते. खासगी संघटना सभासद आपापसांत ठरवून उभी करतात, पण तिला मान्यता हवी तर घटना त्या अधिकाऱ्याकडून तपासून घ्यावी लागते. आपल्या नावात "कॅथलिक" लावायचं तर कलम ३०० प्रमाणे संमती हवी. ती गृहीत धरू नये.

फरक पैशात कळतो. सार्वजनिक संघटना आपली मालमत्ता वरच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सांभाळते आणि दर वर्षी हिशेब देते, कलम ३१९. खासगी संघटना स्वतःच्या घटनेनुसार मोकळेपणानं सांभाळते, कलम ३२५, मात्र पैसा ठरल्या कामालाच लागतोय ना हे पाहण्याचा अधिकार धर्मसत्तेला राहतो. खासगी संघटना आपला आध्यात्मिक सल्लागार स्वतः निवडू शकते, बिशपांच्या वतीनं त्याला दुजोरा लागतो, कलम ३२४.

आता नेहमीची गोची. मंडळाला लेखी घटनाच नसते. मग कायद्याच्या नजरेत ते संघटना नसून प्रमुख धर्मगुरूंच्या सोयीची समिती असते. फादर बदलले, नव्यांना वेगळं वाटलं, मंडळ संपलं, आणि तक्रारीला जागा नाही. घटना असलेल्या संघटनेचं तसं नाही. धर्मप्रांतातली सार्वजनिक संघटना स्थापन करण्याचा अधिकार बिशपांचा, धर्मग्रामाच्या प्रमुखाचा नव्हे. ती बरखास्त करायची तर गंभीर कारण लागतं आणि तिच्या प्रमुखाचं म्हणणं आधी ऐकावं लागतं, कलम ३२०.

घटनेत काय हवं हे कलम ३०४ सांगतं: उद्देश, मुख्य ठिकाण, कारभाराची रीत, सभासदत्वाच्या अटी आणि कामाची पद्धत. माझ्या मते आणखी तीन गोष्टी घालाव्यात. गणसंख्या किती, पदाची मुदत किती, संघटना संपली तर शिल्लक कुणाला. दोन पानांत मावतं. वीस पानी घटना कुणी वाचत नाही, आणि भांडणाच्या दिवशी प्रत जागेवर सापडत नाही.

हिशेबवही

नियमावलींना जोड. कलम १२६७ चा तिसरा भाग प्रत्येक खजिनदारणीनं पाठ करावा: ज्या कामासाठी दान दिलं त्याच कामाला ते वापरायचं. व्यवहारात असं होतं: आजाऱ्यांसाठी जमवलेल्या पैशातून सणाची सजावट "तात्पुरती" भागवली जाते, परत भरण्याचं राहून जातं, पुढच्या वर्षी दोन्ही खाती एकच होतात. कुणी खाल्लेलं नसतं, पण संशयाला आयतं खाद्य.

म्हणून वहीत सुरुवातीपासून तीन रकाने वेगळे ठेवा: सर्वसाधारण, ठरावीक कामाचं, दुसऱ्यांसाठी गोळा करून पुढे पाठवायचं. तिसऱ्याची शिल्लक महिनाअखेर शून्य असायला हवी. रोकड दोघींनी मोजायची, त्या एका घरातल्या नकोत. मोजल्या जागीच आकडा लिहून दोघींच्या सह्या. बँकेत तिघींची नावं आणि कोणत्याही दोघींच्या सह्या, म्हणजे एक आजारी पडली तरी व्यवहार अडत नाही. खातं कुणाच्याही वैयक्तिक नावावर नको, ती व्यक्ती कितीही सज्जन असो. ती वारली तर पैसा वारसांच्या कागदपत्रांत अडकतो.

शंकेखोर

घरात मार खाणाऱ्या बाईचं काय? अशा वेळी ही मंडळं समेट घडवायला धावतात अशी तक्रार ऐकू येते.

पाळीपत्रक

तक्रार रास्त आहे. नवऱ्यासमोर बसवून समजूत घालणं ही सर्वात मोठी चूक. त्याच्यासमोर ती खरं बोलूच शकत नाही, आणि बोलली तर त्याची किंमत रात्री मोजते. तिच्याशी एकटीशी बोलायचं. घरात नको. चर्चला येणं हे बाहेर पडायला सर्वात सहज कारण असतं, त्याचा उपयोग करा. "सहन कर, तुझा क्रूस आहे" हे वाक्य संघटनेत कुणाच्या तोंडून निघता कामा नये. संहितेतही कलम ११५३ आहे: जोडीदार दुसऱ्याला किंवा मुलांना गंभीर धोका देत असेल तर वेगळं राहण्याचं ते रास्त कारण ठरतं, आणि उशिरात धोका असेल तर स्वतःच्या अधिकारानंही वेगळं होता येतं. पुष्कळ बायकांना हे ठाऊकच नसतं.

इतिवृत्तात नाव, गल्ली, प्रसंग काही लिहायचं नाही. "एका सभासदाला मदत" एवढं पुरे. पोलीस, वकील, डॉक्टर, आसरा, यांचे नंबर अध्यक्षेकडे आधीच हवेत, त्या रात्री शोधायचे नसतात. आणि मूल धोक्यात असेल तर गुप्ततेचं कारण पुढे करायचं नाही, कायद्यानं जिथे कळवायचं तिथे कळवायचं.

दुसरी_घंटा

शंकेखोर, तुमचा निर्णयांचा प्रश्न चर्चच्या आवारापुरता नाही, म्हणून थोडं बाहेरचं. इंग्लंडमध्ये मार्गारेट फ्लेचर यांनी १९०६ मध्ये कॅथलिक विमेन्स लीग काढली. जर्मनीत अशीच संघटना १९०३ पासून होती. १९१० मध्ये अशा राष्ट्रीय संघटनांचा आंतरराष्ट्रीय संघ झाला, आज त्याला वुको म्हणतात. १९११ मध्ये लंडनला कॅथलिक स्त्रियांनी मताधिकारासाठी वेगळी सोसायटी काढली, पुढे तिचं नाव सेंट जोन्स अलायन्स झालं. म्हणजे वेदीची फुलं आणि मतपेटी ही दोन्ही कामं एकाच पिढीतल्या बायका करत होत्या.

जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत स्त्रियांना श्रोत्या म्हणून बोलावलं ते १९६४ च्या तिसऱ्या सत्रात. शेवटपर्यंत त्या २३ झाल्या, सिस्टर आणि प्रापंचिक धरून. वुकोच्या अध्यक्षा पिलार बेलोसियो त्यांत होत्या. सभागृहात त्यांना बोलता येत नव्हतं, पण मसुदे करणाऱ्या उपसमित्यांत त्यांनी काम केलं. कॉफीचीसुद्धा त्यांच्यासाठी वेगळी जागा केली होती! प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावरचा परिषदेचा हुकूमनामा १८ नोव्हेंबर १९६५ ला निघाला. स्त्रिया समाजजीवनात अधिक वाटा उचलत आहेत तर धर्मसभेच्या कार्यातही त्यांचा सहभाग वाढावा, असं तो स्पष्ट म्हणतो. पॅरिश कौन्सिलमध्ये मंडळाला एक जागा मागायची असेल तर हा परिच्छेद, म्हणजे क्रमांक ९, अर्जासोबत जोडा. भावनिक अर्जापेक्षा त्याचं वजन जास्त.

जपमाळ_५९

एक राहिलं. आजाऱ्यांना कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकरी, नेणं हे सभासदत्वानं मिळत नाही. त्यासाठी बिशपांच्या व्यवस्थेनुसार असाधारण सेवक म्हणून नेमणूक लागते. पिक्स, म्हणजे पवित्र भाकरीची डबी, गळ्यातल्या पिशवीत, आणि वाटेत दुसरं कुठलंही काम नाही, चर्चमधून थेट आजाऱ्याच्या घरी. घरच्यांना आधी सांगायचं: टेबलावर स्वच्छ कापड, मेणबत्ती, पेलाभर पाणी. आजाऱ्याला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना कम्युनियनआधीच्या एक तासाच्या उपवासाची अट नाही, हे आवर्जून सांगा. औषधाच्या वेळा त्यासाठी चुकवल्या जातात.

शंकेखोर

शेवटचा प्रश्न. अध्यक्षा पंधरा वर्षं तीच, सगळं तिला पाठ, आणि ती बाजूला होते. तेव्हा काय?

कापडकपाट

तिला पाठ आहे ते मुदत संपायच्या तीन महिने आधी कागदावर उतरवून घ्या. कपाटांच्या चाव्या कुणाकडे, मेणबत्त्या आणि होस्ती (मिस्सेतल्या पातळ भाकऱ्या) कधी मागवायच्या, कुठली कापडं फक्त गुड फ्रायडेची.

हिशेबवही

आणि बँकेतल्या सह्या बदलल्याचा कागद हातात आल्याशिवाय निरोपसमारंभ करू नका. समारंभानंतर जुनी खजिनदार बँकेत यायला महिना लावते, आणि तोवर आजाऱ्यांचा खर्च कुणीतरी पदरचा करत असतं.

पाळीपत्रक

भेटींच्या यादीतल्या प्रत्येक घराचं एक वाक्य मात्र नव्या जोडीला तोंडी सांगा, लिहू नका. कुणाला डाव्या कानानं ऐकू येत नाही, कुणासमोर मुलाचा विषय काढायचा नाही. पहिल्या भेटीला जुन्या जोडीतली एक बाई सोबत जाईल, दुसऱ्या भेटीला नाही.

शंकेखोर

दुसऱ्या भेटीला का नाही?

पाळीपत्रक

ती सोबत असली की आजारी माणूस तिच्याशीच बोलतो.